पोटखराब्यातला माळ : सात एकरांच्या कामाच्या नोंदी

बारामती तालुक्यात, सुप्याच्या अलीकडे आमची सात एकर मुरमाड जमीन आहे. सातबाऱ्यावर ती बहुतेक 'पोटखराबा', म्हणजे लागवडीलायक नसलेली, आहे. आजोबांच्या काळी तिथे गुडघाभर गवत होतं आणि पहाटे पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर उतरायचे, असं आबा (थोरले चुलते) सांगतात. मी पाहिलंय ते गिरिपुष्प, वेडी बाभूळ आणि काँग्रेस गवत. तो माळ पुन्हा गवताचा करायचा खटाटोप चालू आहे. नोकरी हडपसरला, त्यामुळे काम रविवारी. कुणाला असंच काही करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी टाळता येतील, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून इथे टाकतोय.

माळढोक येणार का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येतो. नाही येणार. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, तिथेही तो आता दिसणं दुरापास्त झालंय. माझं सगळं काम चंडोल, माळटिटवी, धाविक अशा बारक्या पाखरांसाठी आहे.

१४ नोव्हेंबर २०२१

आधी मोजणी. ठरलेली साधारण सहाशे मीटरची वाट, सूर्योदयापासून दीड तास. बुलबुल १२, सातभाईंची एक टोळी, होले ७, कोतवाल २, खाटीक १, चिमण चंडोल ४. माळटिटवी नाही, धाविक नाही. म्हणजे माळावर उभा राहून मी झुडपातले पक्षी मोजत होतो.

पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली (१८० रुपये). ती वीस ठिकाणी टाकून आत काय उगवलंय ते लिहिलं. वीसपैकी अकरा ठिकाणी काँग्रेस गवत किंवा नुसता मुरूम. माळाच्या मूळ गवतांपैकी ओढ्याच्या कडेला मारवेल आणि पवन्या अजून शिल्लक आहे, वरच्या अंगाला कुसळी. म्हणजे बी पूर्ण गेलेलं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका योजनेत यंत्राने इथे समतल चर मारले होते आणि चरांच्या भरावावर गिरिपुष्प लावलं होतं. हेतू पाणी अडवायचा. पण वीतभर माती असलेल्या माळावर चर खणला की खालचा मुरूम वर येतो आणि होती ती माती त्याखाली गाडली जाते. त्या भरावावर आजही गवताची काडी नाही.

५ डिसेंबर २०२१

गिरिपुष्प तोडलं. तीन गडी, दोन दिवस, पाचशे रुपये हजेरी, एकूण ३,००० रुपये. लाकूड गड्यांनीच नेलं. संध्याकाळी माळ एकदम मोकळा दिसला आणि मी घरी फोटो पाठवले. ते फोटो पाठवायला नको होते, का ते पुढच्या नोंदीत.

६ मार्च २०२२

प्रत्येक बुंध्याला पाच-सात कोंब. एकाच्या जागी सात झाडं करून ठेवली. बुंधे मोजले: २१४.

व्हॉट्सअॅपवरच्या सल्ल्याने वीस बुंध्यांवर खडे मीठ आणि रॉकेल टाकून पाहिलं. काही झालं नाही. मीठ जमिनीत गेलं एवढंच, आणि त्याचं मला वाईट वाटतंय.

२० मार्च २०२२

आबा म्हणाले, "वरनं भादरून काय हुतंय, मुळाशी जा की." मग टिकाव आणि पहार. बुंध्याभोवती उकरून वीत-सव्वा वीत खाली, जिथून कोंब फुटतात त्या गाठीच्या खाली तोडायचं. मुरमात एक गडी दिवसाला बारा-तेरा बुंधे काढतो, त्यापेक्षा जास्त नाही. सतरा हजेऱ्या, ८,५०० रुपये. पहिल्यांदाच हे केलं असतं तर डिसेंबरचे तीन हजार वाचले असते, वर तीन महिने वाचले असते.

ओढ्याकडच्या वेड्या बाभळींना जेसीबी लावला. पाच तास, १,२०० रुपये तास. काम झकास झालं असं त्या दिवशी वाटलं.

हिवराची चार जुनी झाडं, बोराट्या आणि दोन नेपती राखल्या. काटेरी, विरळ, वाकडी झाडं ही माळाचीच आहेत. जेसीबीवाल्याच्या हिशेबी सगळे काटे एकच. त्याला प्रत्येक हिवराशी उभं राहून अडवावं लागलं.

१ मे २०२२

निम्मे चर बुजवले. फावडं आणि घमेली, ९,००० रुपये. सगळे बुजवायला पैसे नव्हते. ओढ्याकडचे तसेच ठेवले, कारण त्यांत मारवेलने स्वतःहून पाय पसरलेत, तिथे हात लावण्यात अर्थ नाही.

एका संस्थेकडून फोन: हजार रोपं फुकट देतो, खड्डेही आम्हीच मारू. नको म्हणालो. पलीकडच्या बाईंना वाटलं माझी चेष्टा चाललीये. गावातही हाच सूर आहे. झाडं तोडून गवत लावणारा माणूस म्हणून सध्या माझी ख्याती आहे.

१२ जून २०२२

बियाणं. मारवेलचं बी आठ किलो, ६५० रुपये किलो, एका दुकानातून. अर्धा एकर ट्रॅक्टरने नांगरला (१,५०० रुपये), बी फोकलं, वरून फळी फिरवली.

७ ऑगस्ट २०२२

त्या अर्ध्या एकरात मारवेलची रोपं शोधून शोधून चाळीस-पन्नास. बाकी सगळा हिरवागार गालिचा काँग्रेस गवताचा. जेसीबीने जिथे जिथे जमीन उलथली होती तिथेही तेच, चाकांच्या पट्ट्यांसकट.

कुठे चुकलं ते ओळीने लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

बी तपासलं नाही. उरलेल्या बियातले शंभर तूस मोजून तळहातावर चोळले. दाणा निघाला अकरांत. मारवेलची फुलं जोडीने येतात, त्यातल्या बिनदेठाच्या फुलातच दाणा भरतो, देठाचं फोलच निघतं, तेव्हा शंभरात पन्नासच्या वर अपेक्षा मुळातच नव्हती. पण अकरा म्हणजे मी कोंडा विकत घेतला. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते.

खोल गेलं. गवताचं बी नखाएवढ्या मातीखाली हवं. नांगरटीच्या ढेकळांत ते तीन-चार इंच गेलं.

आणि नांगरलंच का? माळाची वरची कातडी फाटली की तिथे सर्वांत आधी काँग्रेस येतं. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं, त्यामुळे आमच्या जिल्ह्याला त्याच्याशी जुनी सोयरीक आहे. तरी मी विसरलो.

११ सप्टेंबर २०२२

पाच रविवार फक्त काँग्रेस उपटण्यात गेले. फुलावर यायच्या आत, पावसाने जमीन मऊ असताना, मुळासकट. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालाच. मी पहिल्या रविवारी घातले नाहीत, कोपरापर्यंत पुरळ आणि आठवडाभर गोळ्या. काही पानांवर मेक्सिकन भुंगेरे दिसले, पानांची जाळी केलेली. त्यांच्याकडून मदत होते, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

१३ नोव्हेंबर २०२२

यंदा बी स्वतः गोळा करायचं ठरलं. रस्त्याकडेची पट्टी, ओळखीच्यांचे बांध, एका देवस्थानची राखलेली टेकडी. जिथे मालक आहे तिथे विचारून. पवन्याचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं आणि चार-आठ दिवसांत गळून जातं. दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, मी फराळात रमलो, त्यात ऑक्टोबरभर पाऊस. टेकडीवर पोचलो तेव्हा निम्म्या काड्या रिकाम्या. तरी मारवेल, पवन्या, डोंगरी मिळून तुसासकट अकरा किलो जमलं.

ताजं बी लगेच नीट उगवत नाही, काही महिने झोपतं. जूनपर्यंत कोरड्यात ठेवायचं. पोतं जमिनीवर ठेवू नका. पहिलं पोतं मुंग्यांनी अर्धं केलं, आता आढ्याला टांगलंय.

८ जानेवारी २०२३

कुंपण. काँक्रीटचे खांब, काटेरी तारेच्या चार ओळी, तीन बाजू (चौथीला ओढा). ७८,००० रुपये. मेंढरं आत येऊन कोवळं गवत खातात, म्हणून.

तार ओढून होते तोवर नाना आले. नाना म्हणजे धनगर, फलटणकडचे. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचा वाडा (मेंढरांसकट फिरता तळ) कोकणात उतरतो आणि मिरगाच्या आसपास इकडे परत येतो. यंदा घरी कुणी आजारी म्हणून ते मागे राहिले होते. आमच्या माळातून ओढ्याला जायची त्यांची वाट मी तारेने बंद केली होती. त्यांनी खांब हलवून पाहिला, म्हणाले, "मजबूत केलंय." आणि वळसा घालून गेले.

१९ फेब्रुवारी २०२३

वणवा. वरच्या अंगाच्या रानात पाचट पेटवलं होतं, वारा फिरला. माझी जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेली पट्टी) तीन मीटरची, तीही पुरती खरवडलेली नव्हती. आग तिच्यावरून एका झोतात आली. दोन एकर जळालं. मी पोचलो तेव्हा आबा आणि दोन पोरं निरगुडीच्या फांद्यांनी कडा झोडपत होती. आबांच्या भुवया जळाल्यात. बाकी कुणाला काही नाही.

९ एप्रिल २०२३

जळाल्या भागात डोंगरी आणि कुसळीच्या ठोंबांना बुडातून हिरवं फुटलंय, पाऊस नसताना. बहुवर्षी गवताचा जीव जमिनीखाली असतो. मेले ते गेल्या वर्षीचे चाळीस-पन्नास बाळ मारवेल.

नवी जाळरेषा सहा मीटरची करायची, जानेवारीतच, मुरूम दिसेपर्यंत खरवडून. २,४०० रुपये.

११ जून २०२३

सीडबॉल. दोन वर्षं सगळीकडे ऐकत होतो म्हणून केलेच. तांबडी माती, शेण आणि सहा किलो बी. पुतण्या, भाची आणि त्यांचे मित्र, दोन दिवस. पोरांना मजा आली. साधारण तीन हजार गोळे फेकले.

२७ ऑगस्ट २०२३

गोळे जसेच्या तसे. ऑगस्ट कोरडा ठणठणीत. एक गोळा उचलून आपटला तर दगडासारखा उडाला. आतलं बी पाहिलं: काहींना मोड येऊन तिथेच वाळलेला. चिकण माती जास्त झाली, गोळा लिंबाएवढा मोठा झाला आणि पाऊस दगाबाज निघाला. शिवाय गवताच्या तुसाला स्वतःची यंत्रणा असते. कुसळाचा पीळ ओलाव्याने उलगडतो, सुकला की पुन्हा वळतो आणि बी मातीत ढकलत नेतो. त्याला गोळ्यात कोंडून मी त्याचं कामच बंद पाडलं. हे मला टेकडीवर बसून, पाण्याचा थेंब टाकून कुसळ फिरताना पाहिल्यावर कळलं. ते आधी पाहायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर २०२३

३१ ऑक्टोबरला सरकारने जाहीर केलेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांत बारामती आहे. बी जवळपास नाही. ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला जे उभं होतं ते बियासकट कापून चोवीस पेंढ्या बांधल्या आणि शेडमध्ये आढ्यावर टाकल्या. कल्पना आबांची: "बी येगळं कशाला काढतूस, गवातच पसर."

मोजणी: चिमण चंडोल ११, माळटिटवी २, धाविक ३. दुष्काळात पक्षी वाढले! तेव्हा मला वाटलं हे कुंपणाचं यश. ते का नव्हतं, ते पुढच्या पावसाळ्यात कळलं.

१४ एप्रिल २०२४

जाळरेषेवर उगवलेलं तण काढत होतो. माळटिटवी पुढे पुढे पळत, ओरडत, एका बाजूला ओढून न्यायला बघत होती. थांबलो आणि पायाकडे पाहिलं. माझ्या बुटापासून दीड हातावर चार अंडी. घरटं म्हणण्यासारखं काही नाही: मुरमात एक उथळ खळगा, कडेने बारीक खडे मांडलेले, अंड्यांची टोकं आत वळवलेली. रंग मुरमाचाच, वर काळपट शिंतोडे. दोनदा नजर काढली आणि दोनदा परत शोधावी लागली.

पाठीमागे सरकून हिवराखाली बसलो. मादी (का नर, दोघंही सारखेच दिसतात) अकरा मिनिटांनी आली. अंड्यांवर बसली नाही, पाय ताठ ठेवून वर सावली धरून उभी राहिली. थोड्या वेळाने दुसरा पक्षी ओढ्यातल्या डबक्याकडून आला, पोटाची पिसं ओली, आणि जागा बदलली. उन्हात अंडी उकडू नयेत म्हणून ओल्या पोटाने गारवा देतात हे वाचलं होतं. थेंब पडताना दुर्बिणीतून दिसले.

अख्ख्या सात एकरांत त्यांनी जागा निवडली ती आगीसाठी खरवडलेली पट्टी. काम तिथेच थांबवलं. दगडांनी दुरून खूण केली, जवळून नाही; जवळच्या खुणा कुत्र्यांना आणि कावळ्यांनाही कळतात. गावातली मोकाट कुत्री हा खरा घोर आहे, तारेची त्यांना काडीची अडचण नाही, खालून येतात.

९ जून २०२४

अंडी फुटली असावीत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पिल्लं दिसली, नंतर एक.

पेंढ्या पसरल्या. नांगरून वाया घालवलेला तोच अर्धा एकर. दाताळ्याने वरची अर्धा इंच मातीच फक्त ओरखडली, त्यावर बियासकट गवत विस्कटून टाकलं, वाऱ्याने उडू नये म्हणून बोराटीच्या फांद्या. पैसे शून्य, अडीच दिवस.

१४ जुलै २०२४

पावसाने साथ दिली. पेंढ्यांखाली रोपंच रोपं, चौकटीत सरासरी तीस. तीन वर्षांत बियाने पहिल्यांदा काम केलं.

ओढ्यातल्या मारवेलचे ठोंब फोडून १,२०० लावले, दोन ओळींत दीड फूट, दोन ठोंबांत एक फूट. उपटणी-लावणी ४,४०० रुपये. शेजारी म्हणाले राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले मारवेल' ही जात लावा, जोमदार येते. येते, त्यांच्या बांधावर पाहिलीये. पण ती गोठ्यासाठी निवडलेली आहे, आणि मला चंडोलाला धावता येईल असं विरळ गवत हवंय.

१५ सप्टेंबर २०२४

गवत कमरेला लागलं. आबा येऊन बांधावर उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. फोटो काढले. पाठवले.

मग मोजणी केली. चिमण चंडोल १. माळटिटवी ०. धाविक ०. लाव्यांचे आवाज भरपूर, तित्तीर दोन.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा मोजलं. तेच. कुंपणाच्या बाहेर, जिथे मेंढरं फिरतात त्या खुरटलेल्या गायरानात, शंभर पावलांत सहा चिमण चंडोल. नर उंच चढत होते आणि पंख मिटून दगडासारखे खाली येत होते, करड्या डोक्याचे, काळ्या पोटाचे. तार त्यांच्या-माझ्यामध्ये.

गेल्या वर्षी दुष्काळाने गवत खुरटं राहिलं म्हणून पक्षी आले होते. यंदा गवत वाढलं, चारायला कुणी नाही, जमीन झाकली गेली. ज्या पाखराला पळत किडे टिपायचे आणि उघड्या मुरमावर अंडी घालायची, त्याला कमरेएवढं गवत हे जंगलच. अठ्ठ्याहत्तर हजार खर्चून मी माळावरून खूर घालवले होते.

१३ ऑक्टोबर २०२४

नानांचा वाडा बाहेरच्या गायरानात होता. गेलो. बाजल्यावर बसवलं, चहा दिला. मेंढरं आत घाला म्हणालो.

नाना हसले. "आता बोलावताय व्हय दादा? वरच्या अंगाला कुसळ धरलीया. ती मेंढराच्या लोकरीतनं कातड्यात घुसती, तोंडाला जखमा हुत्यात. सरावनात बोलवायचं हुतं, कवळं असताना."

मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी विचारलं काय लिहिताय. सांगितलं. म्हणाले, "ह्ये लिवायला लागतंय?"

मग दोघं माळावरून फिरलो आणि तीन तुकडे ठरले. वरचा कुसळीचा: श्रावणात दोन-तीन दिवस चारायचा, कुसळ धरायच्या आत. ओढ्याकडचा मारवेल-पवन्याचा: बी गळेपर्यंत बंद, दिवाळीनंतर कोकणात निघायच्या आधी चारायचा. मधला: एक वर्ष पूर्ण राखायचा आणि दरवर्षी हा राखीव तुकडा बदलायचा. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. मेंढरं रात्री बसवायची ती बुजवलेल्या चरांच्या मुरमावर, लेंड्या तिथे पडू देत. हे शेवटचं नानांनी सुचवलं, मला सुचलं नसतं.

यंदा वरची कुसळी विळ्याने कापली. दोन रविवार. सॉक्समधली कुसळं अजून निघतायत.

१० नोव्हेंबर २०२४

तारेच्या खालच्या दोन ओळी काढल्या, तीन ठिकाणी पंधरा-पंधरा फुटांची खिंडारं पाडली, त्यातलं एक नानांच्या जुन्या वाटेवर. एकशे ऐंशी दख्खनी मेंढरं ओढ्याकडच्या तुकड्यात दोन दिवस. पहिल्या दिवशी मला पोटात गोळा आला, तीन वर्षांचं काम कराकरा खाताना ऐकून. तिसऱ्या दिवशी गवत घोट्याएवढं, ठोंब शाबूत, मध्ये मध्ये जमीन उघडी.

आजवरचा खर्च १,१८,००० रुपये. त्यातलं कुंपण वजा केलं तर ४०,०००. पेट्रोल धरलेलं नाही, ते धरलं तर घरात कळेल.

१९ जानेवारी २०२५

ओढ्याकडच्या चारलेल्या तुकड्यात चिमण चंडोल ९, माळटिटवी २, धाविक २. सकाळी नऊच्या सुमारास पाच पखुर्ड्या ओढ्याच्या डबक्यावर उतरल्या, आवाज आधी, पक्षी नंतर. आबांना फोन केला. "पाचच?" म्हणाले.

संध्याकाळी मुद्दाम थांबलो. सूर्य बुडताना भोवत्या ससाणे आले, जमिनीपासून हातभर उंचीवरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले. मधल्या, न चारलेल्या तुकड्यावर दोन-तीन घिरट्या घालून एकेक करून गवतात बसले आणि दिसेनासे झाले. पाच. हे कझाकस्तानाकडून येतात, दिवसभर टोळ-नाकतोडे खातात आणि रात्री जमिनीवरच, उंच गवतात झोपतात. सगळं चारून टाकलं असतं तर यांना जागा नव्हती. सगळं राखलं होतं तेव्हा चंडोलांना नव्हती.

सकाळी ते उठल्यावर त्या जागी गेलो: गवत दाबून केलेल्या बशा, पांढरी शिट आणि न पचलेलं ओकून टाकलेल्या तीन गोळ्या. एक फोडली, नाकतोड्यांच्या तंगड्या.

१ जून २०२५

२५ मेच्या पावसाने इकडे हाहाकार केला, नीरा डावा कालवा फुटला, शेतं वाहिली. त्यापुढे माझं नुकसान काहीच नाही, तरी लिहितो. जाळरेषेवर माळटिटव्यांची दोन घरटी होती. एकात तीन अंडी, एकात चार. आज तिथे गाळ आहे. बुजवलेल्या एका चराचा भराव खचला आणि पाण्याने नेमकी तीच वाट धरली. चर नुसता मुरमाने बुजवून चालत नाही, मध्ये मध्ये दगडांचे आडवे बांध घालून मग भरायला हवा होता. आता ते काम.

न बुजवलेल्या, मारवेल वाढलेल्या चरांना काहीही झालेलं नाही.

२२ जून २०२५

आठ ठिकाणी दगड लावून भराव केला. दोन गडी, दीड दिवस, १,५०० रुपये.

परतताना वरच्या तुकड्यात टिटवी ओरडायला लागली. लांबूनच दुर्बीण लावली: गेल्या साली विळ्याने कापलेल्या कुसळीच्या मोकळ्या जागेत पक्षी बसलेला. उठला तेव्हा दोन अंडी दिसली. अजून घालायची असतील.

संध्याकाळी नानांचा फोन. वाडा कोकणातून वर आला, वाटेत पावसाने दोन कोकरं गेली, परवा इकडे पोचतील. वरच्या तुकड्यातून सध्या नको म्हणालो.

"किती दिस?"

"महिनाभर. अंडी आहेत."

"कुणाची?"

"टिटवीची."

"मग वड्याच्या कडंनं जातो. खिंडार उघडं ठिवा."